चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? नुसता चष्मा बदलू नका



आम्ही पावणे गावातल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला, एमआयडीसीच्या कारखान्यांना लागून आमचं गाव आहे. एरवी आम्ही बोलतो ते बचतीचं, हप्त्यांचं, मसाल्याच्या विक्रीचं. आज डोळ्यांविषयी बोलायचं आहे. पण ही गोष्ट सुरू होते ती आमच्या कर्जाच्या वहीतूनच.

वर्षाचा हिशेब लावायला आम्ही चौघीजणी वही घेऊन बसलो होतो. एकीने वाचायचं, दुसरीने बेरीज करायची. वाचता वाचता एका ताईंच्या नावापुढे दीड वर्षात तीन वेळा एकच कारण आलं. कर्जाचं कारण, मुलीचा चष्मा. पुन्हा, मुलीचा चष्मा. आणि पुन्हा तेच. रकमा लहान होत्या, हप्ते वेळेवर आले होते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नव्हतं. तिन्ही ठिकाणी सह्या आमच्याच होत्या. पैसे परत येतात का ते आम्ही पाहिलं. दीड वर्षात एका पोरीला तीन चष्मे का लागले, हे एकीनेही विचारलं नाही.

मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. तिचं नाव सांगत नाही. पण तिच्या आईला विचारून आणि तिलाही विचारून आम्ही हे सांगतोय. आई म्हणाली, "सांगा, दुसरीची पोर तरी वेळेत जाईल."

आम्ही घरी गेलो. आई सांगू लागली, दर वेळी चष्म्याच्या दुकानात जायचं, ते मशीनवर नंबर काढायचे, नवा चष्मा द्यायचे. दोन-तीन महिने बरं जायचं, मग पुन्हा पोरगी म्हणायची, फळ्यावरचं नीट दिसत नाही. दुकानदार म्हणाला, मोबाईल कमी करा. म्हणून आईने मोबाईल काढून घेतला, वर चार शब्दही सुनावले. पोरगी म्हणत होती, "अक्षराला सावली दिसते, एकाची दोन दिसतात." आईला वाटलं, अभ्यास टाळायला सांगते. आजी कोपऱ्यातून म्हणाली, "डोलं चोलू नको गो, म्हणून मी सांगून सांगून थकलो." आजीचं म्हणणं सगळ्यात मोलाचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

आमच्या गटातल्या एक वहिनी एका दवाखान्यात साफसफाईचं काम करतात. त्या म्हणाल्या, दुकान नको, आता डोळ्यांच्या डॉक्टरकडेच चला. दुसऱ्या आठवड्यात आमच्यातल्या दोघी मायलेकींबरोबर गेल्या. कोपरखैरण्याहून गाडी, ठाण्याला बदलून मुंबई. तिथे डॉक्टरांनी डोळ्यात प्रकाश टाकून पाहिलं आणि एका मशीनपुढे बसवून बुबुळाचा नकाशा काढला. होय, नकाशाच. जमिनीचा असतो ना, कुठे चढ, कुठे उतार, तसाच रंगीत. आजाराचं नाव सांगितलं, केरॅटोकोनस.

आता हा आजार म्हणजे काय ते आम्हाला समजलं तसं सांगतो.

डोळ्याच्या काळ्या भागावर पुढून एक पारदर्शक पडदा असतो, घड्याळावरच्या काचेसारखा. त्याला कॉर्निया म्हणतात. नेत्रदानात काढून घेतात तो हाच. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर आणि आकार छान गोल. केरॅटोकोनसमध्ये हा पडदा हळूहळू पातळ होतो आणि पातळ झालेल्या जागी पुढे येतो, शंकूसारखा. काच वाकडी झाली की पलीकडचं वेडंवाकडं दिसणारच. म्हणून अक्षराला सावली दिसते, दिव्याभोवती किरणं फुटतात, रात्री जास्त त्रास होतो. आणि आकार बदलत राहतो म्हणून चष्म्याचा नंबरही बदलत राहतो. दुकानदाराने काढलेला नंबर खोटा नव्हता. पण नंबर का बदलतोय ते चष्म्याच्या दुकानात कळत नाही.

हा आजार बहुतेक वेळा १२-१३ ते २०-२२ वर्षांच्या वयात सुरू होतो. वय जितकं कमी, तितका तो भरभर वाढू शकतो. तिशी-चाळिशीपर्यंत बहुतेकांचा आपोआप मंदावतो, पण तोवर जे नुकसान झालं ते झालं. सहसा दोन्ही डोळ्यांना असतो, पण एकाला आधी आणि जास्त. म्हणून चांगला डोळा काम चालवून नेतो आणि वाईट डोळ्याचं कुणाला समजत नाही.

तुम्ही म्हणाल, हे शहरातलं खूळ असेल, धुराचं, मोबाईलचं. तसं नाही. आपल्या महाराष्ट्रातच नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये २००६ ते २००८ या काळात डोळ्यांची मोठी पाहणी झाली होती. तिशीच्या पुढच्या ४,६०० हून जास्त गावकऱ्यांचे डोळे मोजले. त्यांत १०० माणसांमागे दोघा-तिघांचा कॉर्निया या आजाराइतका वाकलेला आढळला. कोणतं माप धरायचं त्यावर आकडा थोडा कमी-जास्त होतो, पण आजार खेड्यातही आहे एवढं नक्की. तुमच्या गावात कुणालाच नाही असं वाटत असेल, तर कदाचित कुणी पाहिलेलंच नसेल.

कशामुळे होतो? एकच एक कारण डॉक्टर सांगत नाहीत. काही घराण्यांत तो चालत येतो. म्हणून एका पोराला निघाला तर बहीण-भावंडांचीही तपासणी करावी. ज्यांना ॲलर्जी आहे, डोळे सारखे खाजतात, त्यांच्यात जास्त दिसतो. आणि डोळे चोळण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. बोटांच्या पेरांनी, मुठीने दाबून चोळलं की आधीच नाजूक असलेला पडदा आणखी कमजोर होतो. आमच्याकडे रस्त्याची धूळ, कारखान्यांचा धूर. तुमच्याकडे मळणीचा भुसा, चुलीचा धूर असेल. डोळे खाजणारच. पण खाज आली की चोळणं ही सवय मात्र सोडवता येते.

आता तपासणीच्या दिवसाकडे येतो. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचे नकाशे समोर ठेवले. उजव्या डोळ्याचा कॉर्निया फार पुढे गेला होता, टोकाला डाग पडला होता. त्याला उशीर झाला होता. डाव्यात आजार होता, वाढतही होता, पण जाडी अजून शिल्लक होती. डॉक्टर म्हणाले, "उजव्यासाठी वेगळी लेन्स पाहू. डाव्याला आता थांबवता येईल. पण आता." आई मटकन बाकावर बसली. आम्ही दोघी तिच्या शेजारी बसलो, पण आमच्या डोळ्यांपुढे वहीतल्या त्या तीन ओळी होत्या. पहिल्या नाही तरी दुसऱ्या चष्म्याला कुणी विचारलं असतं तर?

डाव्या डोळ्याला जो उपचार सांगितला त्याला म्हणतात कॉर्नियल क्रॉसलिंकिंग. नाव अवघड आहे, पण कल्पना सोपी आहे.

आम्ही आगरी-कोळ्यांच्या गावातल्या बायका, जाळं आम्हाला कळतं. कॉर्निया आतून बारीक तंतूंचा बनलेला असतो. जाळ्याचे धागे सैल झाले, गाठी सुटल्या की भार पडतो तिथे जाळ्याला पोट सुटतं. कॉर्नियाचं तसंच होतं. मग उपाय काय? धाग्याधाग्यांमध्ये नव्या गाठी मारायच्या. इथे त्या गाठी मारतं एक जीवनसत्त्व आणि एक प्रकाश.

जीवनसत्त्व म्हणजे बी-२, रायबोफ्लेविन. त्याचे पिवळे थेंब डोळ्यात घालतात. ते कॉर्नियात मुरले की वरून ठराविक अतिनील प्रकाश सोडतात. त्या प्रकाशाने थेंब जागे होतात आणि तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात. दातात मसाला भरल्यावर डॉक्टर निळा दिवा धरतात आणि मसाला घट्ट होतो, तसंच काहीसं. जर्मनीत ड्रेसडेन शहरातल्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली. माणसांवरच्या उपचाराचा त्यांचा पहिला अहवाल २००३ साली आला. अमेरिकेत तिला २०१६ साली मान्यता मिळाली. आपल्याकडेही मोठ्या नेत्र रुग्णालयांत हा उपचार होतो.

आमच्यातल्या एकीने डॉक्टरांना विचारलं, "उन्हातले अतिनील किरण डोळ्याला वाईट म्हणता, मग इथे कसे चालतात?" डॉक्टर हसले नाहीत, नीट समजावलं. ते पिवळं औषधच प्रकाश शोषून घेतं, डोळ्याच्या आतल्या भागापर्यंत फार थोडा जाऊ देतं. पण त्यासाठी पडद्याला पुरेशी जाडी हवी, साधारण ०.४ मिलिमीटर. त्याहून पातळ झाला तर नेहमीच्या पद्धतीने करता येत नाही, वेगळे मार्ग शोधावे लागतात. म्हणजे उशीर केला तर उपचाराची वाटही अरुंद होते.

उपचाराच्या दिवशी काय होतं ते सांगतो, कारण न कळल्यानेच भीती वाटते.

भूल इंजेक्शनची नसते, थेंबांची असते. माणूस जागा असतो, आडवा झोपलेला. पापण्या मिटू नयेत म्हणून छोटी पकड लावतात. कॉर्नियावरची अगदी वरची साय अलगद बाजूला करतात, म्हणजे औषध आत मुरतं. मग जुन्या, मूळ पद्धतीत अर्धा तास दर काही मिनिटांनी थेंब, आणि पुढचा अर्धा तास थेंबांबरोबर प्रकाश. हल्ली काही ठिकाणी प्रकाश जास्त तीव्रतेचा देऊन वेळ कमी करतात. कुणाला कोणती पद्धत योग्य, ते डॉक्टर ठरवतात. शेवटी डोळ्यावर पट्टीसारखी मऊ लेन्स ठेवतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. टाके नाहीत.

पुढचे तीन-चार दिवस मात्र कठीण असतात. पोरगी रात्रभर तळमळली. डोळ्यातून पाणी, उजेड सहन होईना, वाळू गेल्यासारखं टोचत होतं. गोळ्या आणि थेंब वेळेवर घालायचे, डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, धूर-धुळीत जायचं नाही आणि काही झालं तरी चोळायचं नाही. आई कामावर जाते, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. एकीने सकाळचे थेंब, एकीने दुपारचे. साबणाने हात धुऊनच थेंब घालायचे, कारण वरची साय भरून येईपर्यंत जंतू शिरण्याची भीती असते. दुखणं कमी व्हायच्याऐवजी वाढलं, डोळा लाल झाला, पांढरा ठिपका दिसला, पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

महिन्याभराने आई आमच्याकडे रडत आली. म्हणाली, "पहिल्यापेक्षा धूसर दिसतंय तिला. पैसे घालून डोळा घालवला का आपण?" आमचाही जीव खाली-वर झाला. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, असं धुरकट दिसू शकतं. ते उतरतं. आणि मग त्यांनी पुन्हा तेच सांगितलं जे उपचाराआधी सांगितलं होतं आणि आम्ही नीट ऐकलं नव्हतं. या उपचाराने नजर परत येत नाही, आहे ती टिकते. चष्मा जात नाही. काहींचा आकार थोडा सुधारतो, पण ते धरून चालू नये.

सहा महिन्यांनी नवा नकाशा काढला. डॉक्टर म्हणाले, "तसाच आहे." आम्हाला आधी कळेना की हसावं की काय करावं. पण वर्षभर दर वेळी 'वाढलं' ऐकलेल्या आईला 'तसाच' हा शब्द पुरला. आता डाव्या डोळ्याला चष्मा आहे, उजव्याला घट्ट प्रकारची खास लेन्स, आणि पोरगी बारावीला बसतेय. तपासणी चालूच आहे, कारण थोड्या लोकांत उपचारानंतरही आजार पुढे सरकतो.

आता तुमच्या मनातले प्रश्न. हे आमच्याही बैठकीत निघाले होते.

जीवनसत्त्वाचेच थेंब आहेत, तर मेडिकलमधून आणून घातले आणि उन्हात बसलं तर? अजिबात नाही. औषध मुरण्यासाठी वरची साय काढावी लागते, प्रकाश मोजून द्यावा लागतो. उन्हाकडे पाहून डोळ्याचं नुकसान होईल. दूध, पालेभाज्या, कडधान्यं जरूर खा, पण त्याने वाकलेला कॉर्निया सरळ होत नाही. मध, गुलाबपाणी, आईचं दूध, कसले अर्क, काही डोळ्यात घालू नका.

खाजतंय तर काय करायचं? थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. डॉक्टरांकडून ॲलर्जीचे थेंब घ्या. पण मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने आपल्या मनाने घालू नका. त्याने डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होऊ शकतो.

गरोदर बाईने करावं का? गरोदरपणात हा आजार वाढू शकतो, पण उपचार सहसा बाळंतपणानंतर करतात. म्हणून दिवस गेले असतील तर आधी सांगा. पूर्वी डोळ्यात नागीण झाली असेल तर तेही लपवू नका.

पैशांचं काय? खर्च रुग्णालयागणिक वेगळा असतो. लेखी अंदाज मागा, थेंब-लेन्स-तपासण्या धरून. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयात आधी चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयात बसतात. रेशन कार्ड, आधार घेऊन त्यांना भेटा, हा उपचार योजनेत बसतो का ते त्यांनाच विचारा. शाळेत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही मुलांची नजर दाखवा. आमच्या गटाने या मायलेकींना अंतर्गत कर्ज दिलं. एक-दोघी म्हणाल्या, शिलाई मशीनला कर्ज ठीक, पण यातून उत्पन्न काय? त्यावर त्या साफसफाई करणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "पोरीला दिसलं तरच ती उद्या कमावेल." ठराव एकमताने झाला.

आणि शेवटचा प्रश्न, जो कुणी मोठ्याने विचारला नाही, पण सगळ्यांच्या मनात होता. पोरीच्या लग्नाचं काय? घरच्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं, लग्न ठरेपर्यंत डोळ्याचं कुठे बोलू नका. मैत्रिणींनो, लग्न ठरायला पाच-सात वर्षं आहेत. हा आजार तेवढा थांबत नाही. लपवून डोळा जातो, उपचाराने राहतो. आज ती पोरगी स्वतः मैत्रिणींना सांगते, "चोळू नका, माझं काय झालं बघा." आम्ही तिच्याकडूनच शिकलो.

ज्यांचा कॉर्निया फारच खराब झाला त्यांना दुसऱ्याचा कॉर्निया बसवावा लागतो. तो मिळतो फक्त नेत्रदानातून. घरात कुणी गेलं तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावं लागतं. पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा. हेही बैठकीत एकदा बोलून ठेवा.

जाता जाता एक काम सांगतो. आज घरी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर पोरांना दहा पावलांवर उभं करा. आधी उजवा डोळा तळहाताने झाका, दाबायचा नाही, नुसता झाकायचा. डाव्याने तारखा वाचायला सांगा. मग उलट. एका डोळ्याने वाचता आलं आणि दुसऱ्याने नाही, किंवा आकड्याला सावली दिसली, तर डॉक्टरकडे न्या. एका वर्षात दोनदा नंबर बदलला, तिरपा नंबर वाढत गेला, पोर सारखं डोळे चोळतं, तर चष्म्याच्या दुकानातून थेट घरी येऊ नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "कॉर्नियाचा नकाशा काढायला हवा का?"

आमच्या गटाने आता एक नियम केलाय. वहीत चष्म्यासाठी दुसरं कर्ज आलं की सही करण्याआधी विचारायचं, कुणासाठी, किती महिन्यांत, आणि डॉक्टरांनी पाहिलं का. तुमच्याही गटाची वही आज उघडून बघा.